मापाचं पाणी

वरची खोली मला भाड्यानं देण्याआधी त्यांनी माझी ट्रंक मोजली. लांबी, रुंदी आणि कडीसकट उंची. मग पोलादी टेप घेऊन ते जिन्याच्या वळणावर गेले, वाकून तिथली दोन मापं घेतली आणि वर न बघता म्हणाले, "जाईल. पण आडवी करून, कडी भिंतीकडे." ट्रंक तशीच गेली, बोटभर जागा राखून. त्यानंतर त्यांनी माझं नाव विचारलं.

साताऱ्याहून मद्रासला येऊन मला तेव्हा चारच दिवस झाले होते. गिंडीच्या एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती, आणि वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत मराठी बोलणारं घर आहे एवढ्याच माहितीवर मी तिथं पोचले होते. ते मराठीच बोलताहेत हे कळायला मात्र जरा वेळ लागला. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेले ते तिथलेच झाले, आणि ही पिढी नोकरीसाठी मद्रासला आली. त्यांचं बोलणं ऐकताना वाटायचं, जुन्या बखरीतली माणसं तमिळच्या हेलावर बोलताहेत. माझं बोलणं ऐकून तेही हसायचे. म्हणायचे, "तुझी मराठी छापलेली आहे गे. आमची हातानें लिहिलेली."

गल्ली त्यांना 'राव सार' म्हणायची. मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. खाली ते दोघं, वर मी, आणि मधे तो जिना. अशी आमची अकरा वर्षं गेली.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणं बनवणारा एक लहानसा कारखाना होता. काकांनी तिथं तीस वर्षं तपासनिसाचं काम केलं होतं. म्हणजे इतर लोक ज्या मापानं वस्तू मोजतात ती मापंच बरोबर आहेत की नाहीत, हे ते बघायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाना उरला नाही, म्हणून त्यांनी बाकीचं जग तपासायला घेतलं. तव्यावरून उतरलेल्या डोशाचा व्यास ते बघत. पोस्टमनच्या सायकलचं मागचं चाक किती डुगडुगतं ते त्याला थांबवून सांगत. समोरच्या घरी लग्न होतं तेव्हा दारातला मांडव त्यांच्या मते एका अंगाला दीड इंच कलला होता, आणि हे त्यांनी वधूपित्याला अक्षता पडण्याआधी कळवलं. मांडव खांब ठोकून सरळ केल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. "अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्षातून एकदा मलाही ते दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण करायचे. मी बत्तीस वर्षांची होते. "वाढत नाहींस गे," ते म्हणायचे, खरोखर वाईट वाटल्यासारखं.

त्यांना मधुमेह होता, मी येण्याच्या बराच आधीपासून. रक्तातली साखर घरच्या घरी मोजायची यंत्रं तेव्हा आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. लघवी तपासायची. रोज सकाळी मागच्या अंगणात विहिरीजवळच्या दगडावर काका स्पिरिटचा दिवा पेटवायचे. काचेच्या नळीत निळं द्रावण, त्यात मोजून आठ थेंब, मग नळी चिमट्यात धरून उकळायची. साखर नसेल तर द्रावण निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असली तर विटेसारखं लाल.

निकाल ते अंगणातूनच स्वयंपाकघरातल्या काकूंना सांगत. 'साखर' हा शब्द तमिळ शेजाऱ्यांनाही कळण्यासारखा, म्हणून त्यांनी रंगांना काकूंच्या साड्यांची नावं दिली होती. हिरवी म्हणजे दिवाळीची. पिवळी म्हणजे बहिणीनं दिलेली. विटेसारखी लाल म्हणजे लग्नातली. पहिला महिनाभर मी वर खिडकीत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, या वयातही हा गृहस्थ बायकोनं कोणती साडी नेसावी ते रोज सांगतो. मला दोघांचा थोडा हेवाही वाटला.

"आज लग्नांतली गे," अंगणातून आवाज यायचा.

"येणारच," आतून काकू म्हणायच्या. "काल मैसूरपाक कोणी खाल्ला? मांजरानें?"

निळ्या रंगाला नाव नव्हतं. काकूंकडे निळी साडी नव्हती.

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी रंग उतरू लागले. लग्नातली दिसेनाशी झाली, मग बहिणीची, मग दिवाळीचीही, आणि एके दिवशी द्रावण कितीही उकळलं तरी निळंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. काकांनी द्रावणाची नवी बाटली आणली, थेंब पुन्हा मोजले, नळी बदलली. निळंच. दहा दिवस वाट बघून अकराव्या दिवशी ते आंघोळ करून, गंध लावून टी. नगरला गेले आणि काकूंसाठी निळी रेशमी साडी घेऊन आले.

"आजार गेला," त्यांनी जाहीर केलं. "हें मी सांगत नाहीं. माप सांगतें."

काकूंनी पायस केलं. मी दोन वाट्या खाल्लं, काकांनी तीन. इन्सुलिनचं इंजेक्शन मात्र त्यांनी सोडलं नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप स्वतःच्या मनानं बदलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी सकाळी कामाला निघाले तर काका झोपाळ्यावर बसलेले. सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता. माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघत त्यांनी विचारलं, "ट्रंक केवढी आहे तुमची?" मला आधी गंमत वाटली. मग त्यांचे हात दिसले. इतके थरथरत होते की झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. काकू धावत आल्या, त्यांनी मूठभर साखर पाण्यात कालवून त्यांच्या तोंडात घातली, आणि पंधरा मिनिटांनी काका मला ओळखून म्हणाले, "तुला उशीर होतो आहे." मी त्या दिवशी गेले नाही. आम्ही तिघं इस्पितळात गेलो.

तिथं मूत्रपिंडांचे एक तरुण डॉक्टर होते. तमिळ, सावकाश बोलणारे. रक्ताचे कागद दोनदा वाचून ते म्हणाले, "सार, मधुमेह गेलेला नाही. मधुमेहानंच इतक्या वर्षांत मूत्रपिंडं दुबळी झाली आहेत. इन्सुलिन अंगातून काढून टाकायचं काम त्यांचंही असतं. आता ते अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून साखर एकदम खाली येते. आणि नळीतल्या निळ्या रंगावर आता भरवसा ठेवू नका, रक्तात साखर असली तरी ती लघवीत उतरेलच असं नाही."

डॉक्टर काकूंकडे वळले. "अम्मा, कॉफीचा फिल्टर जुना झाला की भोकं बुजतात ना? खाली काही उतरत नाही. तसं झालंय."

काकू विचार करून म्हणाल्या, "फिल्टर चुलीवर तापविला तर भोकें मोकळीं होतात."

"हा तापवता येत नाही, अम्मा."

परतीच्या रिक्षात सैदापेटचा पूल मागं पडल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "साडी परत देऊं?"

"नको," काका म्हणाले. "साडीचा काय दोष? रंग पक्का आहे."

त्यानंतर डॉक्टरांकडे जाताना काकू नेहमी तीच साडी नेसत.

दुसरा कोणी अशा वेळी खचला असता. काकांना काम मिळालं. इन्सुलिन कमी झालं, मीठ जवळजवळ बंद झालं, डाळ मोजून, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. पाणीसुद्धा मोजून. त्यांनी औषधाच्या दुकानातून रेघा असलेला काचेचा पेला आणला आणि एक वही घातली. पाणी, ताक, रसम, कॉफी, प्रत्येकाचा रकाना वेगळा. संध्याकाळी शिंप्याच्या टेपनं घोट्याचा घेर मोजायचा, सूज किती ते लिहायचं. तो मद्रासचा टंचाईचा उन्हाळा होता. गल्लीत पाण्याची लॉरी आली की बायका प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन रांग लावायच्या. काका ओट्यावरून बघत म्हणायचे, "तुम्हांस घागरी मोजून मिळतात, मला पेले. मी बरा, मला रांग नाहीं."

काकूही त्यांच्याबरोबर अळणी जेवू लागल्या तेव्हा मात्र ते चिडले. "आजार माझा आहे. तू त्यांत वाटा मागूं नको." मग काकू स्वतःच्या ताटात आतच मीठ घालून बाहेर येऊ लागल्या, मिठाची बरणी त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. अळणी जेवणाची चव काकांना आवडू लागली होती की नाही, मला कधी कळलं नाही. एकदा ते म्हणाले, "भोपळ्याला स्वतःची चव असते हें मला साठाव्या वर्षीं कळलें." यात तक्रार नव्हती, शोध होता.

दर दोन महिन्यांनी रक्त तपासलं जाई. मूत्रपिंडं किती काम करताहेत याचा त्यातून निघणारा आकडा काका दाराच्या मागं लावलेल्या आलेखाच्या कागदावर बारीक फुली करून मांडायचे आणि फुल्या जोडायचे. रेघ खाली खाली जाणारी होती. एक दिवस ती तळाला टेकेल आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा यंत्रावर बसून रक्त साफ करून घ्यावं लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

"यंत्रावर मी बसणार नाहीं," काका तेव्हाच म्हणाले होते. "रेघ टेकली कीं घरीं राहीन. मिळतील तितके दिवस."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. काकूंनीही नाही. पण त्यांच्या हातातल्या पिशवीचा बंद त्यांनी बसल्या बसल्या इतका पिळला की घरी येईतो तो तुटला. त्या घरात त्यानंतर एकच काम होतं. रेघ लांबवायची. मिठाचा प्रत्येक कण आणि पाण्याचा प्रत्येक पेला त्यासाठीच होता. जितकी रेघ लांब, तितके काका काकूंना मिळणार होते.

आणि मी ती जवळजवळ पुसून टाकली होती. हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मद्रासमध्ये मूत्रपिंडाचा आजार म्हटलं की कोणीही, रिक्षावालासुद्धा, तुम्हाला एकच उपाय सांगेल: इळनीर. शहाळ्याचं पाणी. थंड असतं, आतून सगळं धुऊन काढतं. आमच्या ग्रंथालयातल्या तिघींनी मला हेच सांगितलं, तिघींनी वेगवेगळ्या दिवशी, म्हणून मला ते जास्तच खरं वाटलं. मांबलम स्टेशनच्या बाहेर एक बाई कोयत्यानं शहाळी फोडून विकायची. मी रोज सकाळी तिच्याकडून एक आणू लागले.

पथ्याची यादी डॉक्टरांनी दिली होती, पण ती इंग्रजीत टंकलेली आणि कुठल्या तरी परदेशी पुस्तकातून उतरवलेली. तीत संत्री होती, जर्दाळू होते, टोमॅटो होते, आम्ही कधी न पाहिलेली फळं होती. नारळ नव्हता. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट लावून पाहिली. मग शहाळं उचलून कानाजवळ हलवलं.

"पाणीच आहे," ते म्हणाले. "पाण्याच्या रकान्यांत जाईल."

ते त्यांनी रेघांच्या पेल्यात ओतलं, मोजलं, वहीत 'इ' असं लिहिलं आणि तितकं साधं पाणी त्या दिवसातून वजा केलं. बारा दिवस. एका रेघेचीही चूक नाही.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. दुबळ्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, मग ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडू शकतं. हे मला तेराव्या दिवशी कळलं.

त्या सकाळी काका झोपाळ्यावरून उठू लागले आणि पुन्हा बसले. "पायांत जोर नाहीं गे. दुसऱ्या कोणाचे पाय लावल्यासारखें वाटतें." त्यांनी स्वतःची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजू लागले. "मध्येंच एक गाळतें," ते म्हणाले. "पुन्हा गाळलें." काकूंनी त्यांचा हात धरला. मी टॅक्सी आणायला अनवाणीच धावले.

इस्पितळात हृदयाचा आलेख निघाला, तो बघून डॉक्टर पहिल्यांदाच घाईनं बोलले. इंजेक्शनं झाली. मग नर्सनं एक बाटली आणून टांगली. काकांनी मान वळवून विचारलं, "हें काय?"

"ग्लुकोज, सार. इन्सुलिनबरोबर द्यायचं. पोटॅशियम उतरतं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांना रंग नव्हता. "पाहिलेंस?" ते म्हणाले. "साखर. डॉक्टरांच्या हातची."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, मला दिसलं नाही.

संध्याकाळी नाडी सरळ झाली. डॉक्टर खाटेशी खुर्ची घेऊन बसले आणि वही मागून घेतली. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे 'इ' काय आहे?"

"इळनीर. बारा दिवस. मापानें."

डॉक्टरांनी वही मिटली. "सार, किती ते तुम्ही मोजलंत. काय आहे ते नाही पाहिलंत. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. "मी आणत होते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग काकांनी उशीवरून मान उचलायचा प्रयत्न केला. "माल तिनें आणला," ते म्हणाले. "तपासणी माझी होती. खराब माल आंत आला तर आणणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं, तपासणाऱ्यास विचारतात. कारखान्यांत तीस वर्षें हाच कायदा होता. डॉक्टर, तुम्हीं मला ओरडा."

डॉक्टर ओरडले नाहीत.

काका घरी आल्यावर मी खाली जायचं टाळू लागले. सकाळी लवकर निघायची, संध्याकाळी चपला हातात घेऊन जिना चढायची. पाचव्या दिवशी काकू माझ्यासाठी कॉफी घेऊन वर आल्या. गुडघे दुखत असताना त्या कधी जिना चढत नसत.

"खालीं ये," त्या म्हणाल्या. "दिवसभर मलाच मोजत बसतात. मज सहन होत नाहीं."

खाली काका वही घेऊन बसले होते. "तुझ्या लायब्ररींत पुस्तकें आहेत कीं नुसतीं कपाटें?" त्यांनी विचारलं. त्यांना प्रत्येक भाजीत, फळात, डाळीत काय आणि किती असतं याचे तक्ते हवे होते. मी आणले. दोन महिने दर रविवारी आम्ही बसलो. बाजारात मिळणारी एकेक वस्तू, बाजारातल्या नावानं, कोणती चालेल, कोणती नाही, कोणती दोनदा उकळून. काकू नावं सांगायच्या, मी तक्त्यात शोधायची, काका लिहायचे. डॉक्टरांनी ती यादी तपासली, तमिळमध्ये टंकून घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक रोग्याला देऊ लागले. इळनीर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. तो क्रम काकांनी ठरवला होता. त्या बारा दिवसांबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

रेघ त्यानंतर आणखी चार वर्षं चालली. इतकी चालेल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. शेवटी ती तळाला टेकली. काकांना भूक लागेना, तोंडाला धातूची चव येऊ लागली, चार पावलांत दम लागू लागला.

"आता ठरवायला हवं, सार," डॉक्टर म्हणाले.

"ठरलेलें आहे," काका म्हणाले.

काकू शेजारी बसल्या होत्या. त्या खोलीत त्या एरवी बोलत नसत. "मला कोणी विचारलें नाहीं," त्या म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं.

"घरीं राहीन म्हणतां. राहाल. चार दिवस, आठ दिवस. मग मी काय करूं त्या घरांत? माझें झालें नाहीं अजून. तुम्हीं यंत्रावर बसा."

आवाज चढलेला नव्हता. भाजी निवडताना बोलाव्यात तशा त्या बोलल्या. काका "सरी," म्हणाले, म्हणजे 'बरं'. एवढाच शब्द. आणि डॉक्टरांना विचारलं, "किती वाजतां यायचें?"

यंत्राच्या खर्चासाठी विहिरीपलीकडची मोकळी जागा विकली गेली, आणि मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. काकूंना नळीतून फिरणारं रक्त बघवेना, म्हणून मी कामाच्या वेळा बदलून घेतल्या आणि काकांबरोबर जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखे बसले होते. सुया टोचताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग यंत्र सुरू झालं, आणि त्यांनी एक डोळा उघडला.

समोर तबकड्या होत्या. दाबाची, तापमानाची, वेगाची. काटे हलत होते.

"ह्याची शेवटची तपासणी कधीं झाली?" त्यांनी यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलं. तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला काकांनी घरून स्वतःचा तापमापक नेला. पाचव्या खेपेला त्यांनी सांगितलं की दाबाचा काटा एका जागी अडकतो. कोणाला पटेना. तपासलं तर खरंच अडकत होता. त्यानंतर तिथं नवी तबकडी बसली की ती मुलगी आधी त्यांच्याकडे घेऊन यायची. "राव सार, पाहता का जरा?" यंत्राआधी वजन, यंत्रानंतर वजन, दोन्हींमधला फरक आणि वहीतलं पाणी यांचा मेळ बसला की ते दिवसभर खूश असत. त्रासही होताच. कधी पायात गोळे येत, कधी रक्तदाब उतरे, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसे. पण सुई टोचल्यावर ते आता डोळे मिटत नसत.

"ह्या वयांत मला पुन्हा नोकरी लागली गे," ते एका शुक्रवारी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "काकूस सांगूं नको."

"काय?"

"मला येथें बरें वाटतें म्हणून. तिला वाटूं दे, मी तिच्यासाठीं येतों."

मी सांगणार नाही म्हणाले, आणि दोन वर्षं सांगितलं नाही.

काका एका रविवारी दुपारी जेवून झोपाळ्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. घरीच, स्वतःच्या जागेवर. डॉक्टर आले होते, इस्पितळातली ती मुलगीही आली होती. तिनं दारामागचा आलेख बराच वेळ पाहिला.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले आणि काकू आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो होतो. काकू नेहमीसारख्याच सावकाश बोलल्या. "ते घरीं राहीन म्हणत होते. मींच ऐकलें नाहीं. दोन वर्षें त्या सुया टोचून घेतल्या त्यांनीं, माझ्यासाठीं. मीं असें करूं नये होतें."

दिलेला शब्द मी सहसा मोडत नाही. तो मोडला. तापमापक, अडकलेला काटा, ती मुलगी, नवी नोकरी, सगळं सांगितलं, आणि काका मला काय सांगू नको म्हणाले होते तेही.

काकू न हलता ऐकत होत्या. "त्यांस आवडत होतें?"

"हो, काकू. शुक्रवार आला की घड्याळाकडे बघत बसायचे."

काकू म्हणाल्या, "जायच्या दिवशीं निघण्याआधीं ते ह्या उंबऱ्यावर बसत. उसासा टाकीत. 'जावें लागतें, काय करणार,' म्हणत. मज फार वाईट वाटे. म्हणून मापाहून अर्धा टंब्लर कॉफी जास्त देई. दर खेपेस."

"वहीत लिहायचे?"

"एकदांही नाहीं."

आणि काकू हसायला लागल्या. पदर तोंडावर दाबूनही हसू थांबेना, खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं, त्यातून पुन्हा हसू. "दोन वर्षें," त्या मधेच म्हणायच्या, "आठवड्यांत दोनदां." मीही हसू लागले. पलीकडच्या घरातल्या मामी कुंपणाशी येऊन आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या, नुकतंच सुतक फिटलेल्या घरात काय चाललंय म्हणून, आणि आम्हा दोघींना त्यांना काही सांगता येईना.